भुताला नियम हवेत: काही अलीकडचे सिनेमे आणि माझ्या डेटातलं एक भूत



मागच्या दोन पोस्ट सिनॉप्सिस आणि लिटरेचर रिव्ह्यूवर झाल्या. आज जरा वेगळा विषय घेते. सिनेमा. त्यातही विनोदी, भुताचे आणि रहस्याचे सिनेमे, जे आपण हॉस्टेलवर शनिवारी रात्री मेस झाल्यावर बघतो आणि रविवारी दुपारपर्यंत ज्यांच्यावरून भांडतो.

तर झालं असं की आमच्या मजल्यावर 'स्त्री २' परत लावला होता. मध्यंतरानंतर मी कुरकुर करायला लागले. एक ज्युनिअर म्हणाली, "ताई, भुताच्या सिनेमात लॉजिक कशाला शोधतेस? डोकं बाहेर ठेवून बघ ना." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. मला मात्र ते पटलं नाही, आणि का पटलं नाही ते नीट सांगता येईना. पुढचे काही आठवडे मी या जातीचे सिनेमे मुद्दाम पुन्हा बघितले. ही पोस्ट म्हणजे त्या ज्युनिअरला द्यायचं राहून गेलेलं उत्तर.

थोडक्यात सांगते. भूत आहे की नाही याच्याशी माझं भांडणच नाही. सिनेमाने सांगितलं की आहे, तर आहे. पण ते भूत काय करू शकत नाही हे सिनेमाने ठरवलेलं असलं पाहिजे, आणि ठरवलं की पाळलं पाहिजे. काहीही करू शकणाऱ्या भुताची भीती वाटत नाही, त्यावर विनोद होत नाही, आणि त्याचं रहस्यही उरत नाही. हीच गोष्ट रिसर्चमधल्या गृहीतकाला लागू होते, आणि ती मी पुस्तकातून शिकले नाही. तीन महिने वाया घालवून शिकले. ते पुढे सांगतेच.

(स्पॉयलरची सूचना: 'स्त्री' आणि 'तुंबाड'बद्दल मोकळेपणाने लिहिलंय. 'किष्किंधा कांडम' आणि 'ब्रमयुगम'चा शेवट सांगितलेला नाही.)

आधी आपला तात्या विंचू

'झपाटलेला' १९९३ चा. मूळ कल्पना 'चाइल्ड्स प्ले' या इंग्रजी सिनेमावरून घेतलेली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्याकडे तीस वर्षांनंतरही लहान मुलांना तात्या विंचू माहीत असतो. त्याचं एक कारण रामदास पाध्यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज. दुसरं कारण कोणी फारसं बोलून दाखवत नाही: त्या सिनेमाचे नियम पाचवीतल्या मुलालाही तोंडपाठ होतात.

मंत्र म्हटला की आत्मा दुसऱ्या शरीरात जातो. तात्या बाहुल्यात अडकला. बाहेर पडायचं तर ज्याला त्याने आपली खरी ओळख पहिल्यांदा सांगितली, त्याच्याच शरीरात जावं लागेल, म्हणजे लक्ष्याच्या. आणि त्याला मारायचं तर गोळी दोन भुवयांच्या मधोमधच लागली पाहिजे. बस्स. एवढ्यावर अख्खा सिनेमा चालतो. लक्ष्या घाबरला की आपण हसतो, कारण त्याला काय झालंय ते आपल्याला नीट माहीत आहे आणि त्याच्या आजूबाजूच्या लोकांना माहीत नाही. बाहुला उशीपाशी आला की आपण श्वास रोखतो, कारण त्याला नेमकं काय हवंय तेही आपल्याला माहीत आहे. हसू आणि भीती, दोन्ही एकाच माहितीतून येतात.

हिचकॉकने त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आहे. दोन माणसं गप्पा मारतायत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं, तर त्याच गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. मला वाटतं यात एक अट गृहीत आहे. तो बॉम्ब ठरल्या वेळी फुटणार, याची प्रेक्षकाला खात्री असली पाहिजे. बॉम्ब मनात येईल तेव्हा फुटणार असेल किंवा मध्येच त्याचं कबूतर होणार असेल, तर जीव मुठीत कोण धरेल?

'स्त्री' आणि 'स्त्री २'

अमर कौशिकचा 'स्त्री' (२०१८) मला अजूनही आवडतो. चंदेरी गाव. वर्षातून एकदा चार दिवसांचा उत्सव. त्या रात्रींत ती येते, फक्त पुरुषांना नेते, मागून नावाने हाक मारते, वळून पाहिलं की संपलं. मागे कपडे तेवढे उरतात. आणि घराच्या भिंतीवर तिच्यासाठी 'उद्या ये' असं लिहिलेलं असेल, तर ती वाचते आणि परत जाते. दुसऱ्या रात्री येते, पुन्हा वाचते, पुन्हा परत जाते. बंगळुरूच्या जुन्या 'नाळे बा'च्या दंतकथेतून आलेला हा नियम आहे.

आता बघा, या एका नियमातून किती गोष्टी निघतात. ती वाचते, म्हणजे शिकलेली आहे. लिहिलेलं मानते, म्हणजे शब्दाला जागणारी आहे. हाक मारून विचारते, म्हणजे बळजबरी करत नाही. पंकज त्रिपाठीचा रुद्र ही सगळी अनुमानं गंभीर चेहऱ्याने मांडतो आणि थिएटर हसतं. पण ती अनुमानं बरोबर आहेत! दिलेल्या निरीक्षणांवरून तीच निघतात. आणि त्याच अनुमानांच्या रांगेत सिनेमाचा खरा मुद्दा येऊन बसतो: जे गाव तिला घाबरतं, त्या गावापेक्षा ती जास्त सभ्य आहे. रात्री एकट्याने बाहेर पडू नकोस, हे इथे बायका पुरुषांना सांगतात. विनोद, भीती आणि टीका तिन्ही एकाच मुळातून. म्हणून तो सिनेमा लक्षात राहतो.

शेवटी श्रद्धा कपूरची बिननावाची मुलगी नेमकी कोण, हे सिनेमा सांगत नाही. ती वेणी घेऊन बसमधून जाते आणि आपण विचार करत बसतो. काही जणांना ही फसवणूक वाटली. मला नाही वाटली. उत्तर न देणं वेगळं, दिलेलं उत्तर फिरवणं वेगळं.

'स्त्री २' १५ ऑगस्ट २०२४ ला आला आणि त्याने प्रचंड धंदा केला. त्यातली कल्पना कागदावर पहिल्यापेक्षाही धारदार आहे. स्वतःच्या डोक्याने चालणाऱ्या बायकांना उचलून नेणारा पुरुष, आणि त्यालाच डोकं नाही! हे ज्याला सुचलं त्याला सलाम. अभिषेक बॅनर्जीचा जना तर पहिल्यापेक्षा जास्त हसवतो. मीही हसले.

पण सरकट्या काय करू शकत नाही? मी दोनदा बघूनही सांगू शकत नाही. मुंडकं वेगळं फिरतं, धड वेगळं लढतं, गावातल्या पुरुषांची मनंही तो फिरवतो. नायक मंडळी कोपऱ्यात सापडली की काहीतरी नवीन येतं: एखादी आधी न सांगितलेली शक्ती, एखादं नातं, आणि शेवटी तर दुसऱ्याच सिनेमातला लांडगा. 'भेडिया' येतो तेव्हा थिएटरमध्ये शिट्ट्या पडतात, ते ठीक आहे. पण त्या क्षणी माझी भीती पूर्ण संपली होती. सुटका दुसऱ्या सिनेमातूनही येऊ शकत असेल, तर या सिनेमातल्या दारं-खिडक्यांकडे मी कशाला लक्ष देऊ? पहिल्या भागात मी भिंतीवरची अक्षरं वाचत होते. दुसऱ्या भागात मी फक्त आता कोण येतंय याची वाट बघत होते.

आता माझ्या भुताची गोष्ट

हे लिहायला थोडी लाज वाटते, पण तुम्ही रिसर्चची तयारी करताय, तुम्हाला उपयोग होईल.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी सायट्रिक आम्लापासून बनवलेल्या कार्बन डॉट्सवर काम करत होते. हे कार्बनचे अतिसूक्ष्म कण पाण्यात मिसळून त्यांच्यावर अतिनील प्रकाश टाकला की ते निळे चमकतात. पाण्यात लोहाचे आयन घातले की चमक कमी होते. किती कमी झाली त्यावरून पाण्यात लोह किती आहे ते काढायचं. साधी कल्पना आहे आणि बऱ्याच लॅबमध्ये असं काम चालतं.

मी ३५० नॅनोमीटरचा प्रकाश टाकत होते. कणांचा मोठा, पसरट पीक ४४० च्या आसपास यायचा. पण द्रावण खूप पातळ केलं की ३९७ पाशी एक छोटा, टोकदार पीक दिसायचा. गंमत म्हणजे लोह टाकल्यावर मोठा पीक खाली बसायचा आणि हा छोटा जवळपास तसाच राहायचा. मला वाटलं, सापडलं! लोहाला दाद न देणारं वेगळंच उत्सर्जन. ग्रुप मीटिंगमध्ये मी ते मोठ्या उत्साहाने मांडलं.

प्रश्न आले. लोहाने हा का विझत नाही? मी म्हटलं, हे उत्सर्जन कणाच्या आतल्या जागेतून येत असेल, आयन तिथपर्यंत पोचत नसेल. एवढा टोकदार का? म्हटलं, या जागा एकसारख्या असतील. मग मी ३५० ऐवजी ३६० चा प्रकाश टाकला, तर पीक ४१० ला गेला. ३७० टाकला, तर ४२३ ला. सरकतोय का? याचं उत्तर तर तयारच होतं: कार्बन डॉट्समध्ये टाकलेल्या प्रकाशाप्रमाणे उत्सर्जन सरकतं, शेकडो पेपरांत लिहिलंय.

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं, आणि तेव्हा मला ते माझं बळ वाटत होतं. प्रत्यक्षात माझं गृहीतक सरकट्यासारखं झालं होतं. कोपऱ्यात सापडलं की त्याला एक नवी शक्ती मिळायची. काय दिसलं तर माझं म्हणणं चुकलं असं मी मानेन, हे मी एकदाही लिहून ठेवलं नव्हतं.

तीन महिन्यांनी सरांनी एकच विचारलं, "नुसतं पाणी ठेवून बघितलंस?"

ठेवलं. कण नाहीत, लोह नाही, फक्त शुद्ध पाणी. ३५० टाकला, ३९७ ला पीक.

तो पाण्याचा रामन पीक होता. १९२८ साली सी. व्ही. रामन यांनी जो परिणाम दाखवला, ज्याच्यासाठी आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, तोच. पाण्याचा रेणू पडलेल्या प्रकाशातली ठरावीक ऊर्जा ठेवून घेतो आणि उरलेली परत टाकतो. तरंगसंख्येत मोजलं तर हा फरक सुमारे ३४०० प्रति सेंटीमीटर, दर वेळी तेवढाच. ३५० चं ३९७, ३६० चं ४१०, ३७० चं ४२३, तिन्ही आकडे याच गणितातून येतात. करून बघा, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटं लागतात. मी तीन महिन्यांत ती दोन मिनिटं काढली नव्हती.

म्हणजे माझ्या 'भुता'ला नियम होता, आणि तो फार कडक होता. माझ्याच गोष्टीला नव्हता.

'मुंज्या': अर्धं गणित बरोबर

आदित्य सरपोतदारचा 'मुंज्या' जून २०२४ चा. सिनेमा हिंदी, पण गोष्ट, पिंपळ, आजी, कोकण सगळं आपलं. मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला मुलगा मेला की पिंपळावर मुंजा होऊन राहतो, हे आपल्या घरांत वेगळं सांगावं लागत नाही. लेखकाला हे नियम आजीकडून फुकट मिळालेले आहेत, आणि पहिल्या तासात तो ते छान वापरतो. सुहास जोशींची आजी तर अगदी आपल्या घरातली.

सिनेमाने स्वतःचा एक नियम घातला आहे: मुंज्या फक्त रक्ताच्या नात्यातल्यांनाच दिसतो. त्यामुळे पुण्यातला बिचारा बिट्टू चारचौघांत हवेशी भांडताना दिसतो, आणि आईला वाटतं पोराचं काहीतरी बिघडलंय. हा 'झपाटलेला'चाच धडा आहे. प्रेक्षकाला माहीत, नायकाला माहीत, बाकी कोणाला नाही. आणि मुंज्याला काय हवंय तेही स्पष्ट: त्याची मुन्नी. हट्टी मुलासारखं तेच ते मागणारं भूत विनोदीही वाटतं आणि हळूहळू किळसवाणंही, कारण नकार न ऐकणारा मुलगा म्हणजे काय हे आपल्याला बाहेरच्या जगातूनही माहीत आहे.

उत्तरार्धात तांत्रिक, विधी, पाठलाग असा पसारा वाढतो आणि दिसण्या-न दिसण्याची गंमत मागे पडते. शेवटी आवाज खूप, जीव थोडा. पण तरी मी याला 'स्त्री २'च्या वर ठेवीन. मुंज्याला काय हवंय हे शेवटपर्यंत बदलत नाही. त्याची शक्ती फुगली, हट्ट तोच राहिला.

'तुंबाड': नियम पाळला की काय होतं

राही अनिल बर्वेचा 'तुंबाड' २०१८ मध्ये आला तेव्हा फार लोकांनी पाहिला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरला लागला आणि तेव्हा गर्दी झाली. मीही तेव्हाच मोठ्या पडद्यावर पाहिला. नारायण धारपांच्या गोष्टीवरून सुचलेला, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण करून देणारं. पण मला इथे त्याची रचना दाखवायची आहे.

हस्तर भुकेला आहे. त्याच्याकडे सोनं आहे, धान्य नाही. विहिरीतून खाली उतरायचं, पिठाचं रिंगण काढून त्यात उभं राहायचं, कणकेची बाहुली टाकायची. तो बाहुली खायला आला की त्याच्या लंगोटातून पडतील तेवढ्या मोहरा उचलायच्या. विनायकराव हे वर्षानुवर्षं करतो. आपण इतक्या वेळा बघतो की आपल्यालाही ती कृती पाठ होते, प्रयोगशाळेतल्या प्रोसिजरसारखी.

मग मुलगा म्हणतो, दर वेळी थोड्या मोहरा कशाला? लंगोटच काढून आणू. त्याला जास्त वेळ गुंतवायचं, म्हणून खूप बाहुल्या नेऊ. बापाला पटतं. बघताना मलाही पटलं होतं! खाली उतरतात, आणि एक हस्तर येत नाही. जितक्या बाहुल्या, तितके हस्तर.

या दृश्याला थिएटरमध्ये जो आवाज आला तो नुसत्या दचकण्याचा नव्हता. 'अरे, बरोबर!' असा होता. कारण सिनेमाने एक अक्षरही नवीन सांगितलेलं नाही. एक बाहुली, एक हस्तर, हे आपण तासभर बघत होतो. आपण आणि विनायक, दोघांनीही त्यावरून चुकीचा निष्कर्ष काढला. आपल्याला वाटलं बाहुली वाढली की वेळ वाढेल. वाढला हस्तर. ज्या टप्प्यात कधी मोजमाप केलंच नाही, तिथे जुना आलेख सरळ रेषेत ओढून नेला की काय होतं, याचं यापेक्षा भीतिदायक उदाहरण मी कुठल्या स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकात पाहिलेलं नाही.

आणि लोभावरचं भाषण कोणी देत नाही. नियमच ते करून दाखवतो.

पण न कळण्याचीच भीती असते, त्याचं काय?

माझ्या म्हणण्यावर एक चांगला आक्षेप आहे, आणि तो माझ्याच रूममेटने घेतला. ती म्हणाली, "सगळे नियम आधी सांगितले तर भीती कसली? अंधारात काय आहे ते माहीत नसतं म्हणूनच तर माणूस घाबरतो."

यावर मला थांबून विचार करावा लागला. त्यासाठी राहुल सदाशिवनचा मल्याळम 'ब्रमयुगम' (२०२४) पुन्हा पाहिला. सतराव्या शतकातला मलबार, पूर्ण सिनेमा कृष्णधवल, पात्रं बोटांवर मोजण्याइतकी. पळून आलेला एक गायक एका पडक्या वाड्यात पोचतो. घरधनी मामूट्टी त्याचं स्वागत करतो, जेवायला घालतो. मग फाशांचा खेळ मांडतो आणि पणाला काय लावायचं, तर आयुष्यातला उरलेला वेळ. गायक हरतो. त्यानंतर तो वाड्याबाहेर पडू शकत नाही.

इथे प्रेक्षकाला सुरुवातीला जवळजवळ काहीच सांगितलेलं नाही, आणि तरी मी आख्खा वेळ खुर्चीच्या टोकावर होते. मग माझा सिद्धांत पडला का? मला वाटतं सुधारला. रूममेटचं अर्ध म्हणणं बरोबर आहे. नियम *मला* माहीत असायलाच हवेत असं नाही. ते *असायला* हवेत. 'ब्रमयुगम'मध्ये घरधन्याचं प्रत्येक वाक्य, प्रत्येक हसू काहीतरी ठरलेल्या गोष्टीला धरून आहे असं जाणवत राहतं. नंतर जे उलगडतं त्याने मागचं काही खोटं पडत नाही, उलट त्याचा अर्थ लागतो. 'अजून कळलेलं नाही' आणि 'अजून ठरलेलंच नाही' या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत अंधार असतो. दुसरीत लेखकालाच माहीत नसतं, आणि ते प्रेक्षकाला कळतं. सांगता येत नाही, पण कळतं. जांभई येते.

निसर्ग नेहमी पहिल्या जातीचा असतो. आपल्याला कळलेलं नसतं, पण तिथे ठरलेलं असतं. दुसऱ्या जातीचं काही असेल तर ते आपल्या डोक्यात असतं.

रहस्य: आणि एका म्हाताऱ्याची वही

रहस्यकथांमध्ये तर हा करार जुनाच आहे. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज लेखकाने १९२९ मध्ये डिटेक्टिव्ह गोष्टींसाठी दहा नियम लिहिले होते. त्यांतले काही आज हास्यास्पद वाटतात, पण एक पक्का आहे: डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही. अलीकडच्या बऱ्याच थ्रिलर वेब सिरीज नेमकं इथे चुकतात. शेवटच्या भागात एक जुळा भाऊ किंवा आधी कधीच न दाखवलेला फोन कॉल येतो आणि आपण 'हं' म्हणून टीव्ही बंद करतो.

याउलट 'किष्किंधा कांडम'. मल्याळम, सप्टेंबर २०२४, दिग्दर्शक दिंजित अय्यथान, लेखन आणि छायाचित्रण बाहुल रमेशचं. अर्धीच गोष्ट सांगते. जंगलाला लागून घर, आजूबाजूला माकडं. अप्पू पिळ्ळै नावाचा सैन्यातून निवृत्त झालेला तिरसट म्हातारा. निवडणुकीमुळे परवान्याच्या बंदुका जमा करायच्या आहेत आणि याची बंदूक सापडत नाहीये. नातू काही वर्षांपासून बेपत्ता. घरात नवी आलेली सून अपर्णा हे सगळं बघतेय, आणि तिच्या लक्षात येतं की सासऱ्यांची स्मरणशक्ती त्यांना दगा देतेय, ते लपवतायत, आणि परसात कागद जाळतायत.

विजयराघवन यांनी हा म्हातारा असा काही उभा केलाय की बोलायची सोय नाही. स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवता येत नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून तो टिपणं ठेवतो. उद्या सकाळी मी वेगळा माणूस असेन, त्या माणसाला काय सांगून ठेवायचं, असा त्याचा हिशेब. पुढे काय ते तुम्ही बघा. एवढंच सांगते, सिनेमा संपल्यावर मी पहिला अर्धा तास पुन्हा लावला. त्यातला एकही प्रसंग खोटा निघाला नाही. प्रत्येक प्रसंग पहिल्यांदा एक सांगत होता, दुसऱ्यांदा दुसरंच सांगत होता, आणि दुसऱ्यांदा जास्त दुखलं.

तो सिनेमा बघितल्यावर मी माझी दुसऱ्या वर्षाची लॅब नोटबुक काढली. ३९७ च्या पीकची पानं शोधली. पहिल्या दिवशी एक ब्लँक घेतलेला होता, वेगळ्या सेटिंगवर. त्यानंतर तीन महिने प्रत्येक पानावर ब्लँकच्या रकान्यात माझ्याच अक्षरात दोनच शब्द होते: 'ब्लँक – आधीचाच'.

आळस होता असं म्हणता येईल. पण खरं सांगायचं तर मला तेव्हा ब्लँक बघायचा नव्हता. सरांनी विचारल्यावर पाण्याची क्युव्हेट आत ठेवताना माझे हात गार पडले होते, म्हणजे आतून कुठेतरी अंदाज असणारच. अप्पू पिळ्ळैला विसरायचा आजार होता. मला तसलं काही नव्हतं.

तर, उत्तर

त्या ज्युनिअरला मी आता हे सांगेन: बाई गं, डोकं बाहेर ठेवायचं असेल तर जरूर ठेव, दमून आल्यावर मीही ठेवते. पण 'तुंबाड' आवडला आणि 'स्त्री २' दुसऱ्या दिवशी आठवेना, असं झालं तर त्याचं कारण शोध. ते शोधण्याची सवय तुला पुढे लागणार आहे.

तुम्हाला एक प्रयोग सांगते. पुढचा भुताचा किंवा रहस्याचा सिनेमा बघाल तेव्हा मध्यंतराला (घरी असाल तर मध्येच थांबवून) एका कागदावर दोन ओळी लिहा. एक, हे भूत किंवा हा गुन्हेगार आत्तापर्यंतच्या माहितीप्रमाणे काय करू शकत नाही. दोन, पुढे काय दिसलं तर माझा अंदाज चुकला असं मी मानेन. सिनेमा संपल्यावर कागद बघा. पहिली ओळ लिहिताच आली नाही, तर सिनेमा कच्चा आहे. दुसरी लिहिता आली नाही, तर आपण कच्चे आहोत.

पीएचडीच्या मुलाखतीत तुमचं प्रपोजल समोर ठेवून तुम्हाला हेच विचारतील, शब्द वेगळे असतील. "काय मिळालं तर तुमचं गृहीतक चुकलं म्हणाल?" मला माझ्या वेळी विचारलं होतं. मी म्हटलं होतं, "सर, तसं काही मिळणार नाही असं वाटतं." समोरचे तिघंही हसले. मला वाटलं माझा आत्मविश्वास आवडला.

नोटबुकचं ते पान मी फाडलेलं नाही. त्याच्यासमोरच्या कोऱ्या पानावर पाण्याचा स्पेक्ट्रम चिकटवून तारीख टाकली आहे.

पुढच्या पोस्टमध्ये ब्लँक आणि कंट्रोल यांत फरक काय, कुठे कुठला घ्यायचा, ते नीट उदाहरणं देऊन सांगेन. तोपर्यंत 'किष्किंधा कांडम' बघून घ्या. आणि ज्यांनी बघितलाय त्यांनी कृपा करून शेवट कोणाला सांगू नका.